मायची खिरापत

भिलाईचं कुणी कौतुक करायला लागलं की माझं डोकं फिरतं. छोटा हिंदुस्तान, म्हणतात. बंगाली, तेलुगू, पंजाबी, मराठी सगळे एका रांगेतल्या क्वार्टरांत कसे गुण्यागोविंदाने राहिले, वगैरे. राहिलो, खोटं नाही. शेजारच्या सरदारजींकडचं लोणचं आमच्या ताटात असायचं आणि आमचे लाखोळीच्या डाळीचे वडे त्यांच्या ताटात. पण त्या गुण्यागोविंदात कुणाच्या घरातून काय निघून गेलं, हे कुणी विचारत नाही. माझ्या मायच्या घरातून भुलाबाई गेली. ती कशी गेली ते मी पाहिलेलं आहे. पुष्कळ वर्षं लोकांनी, आणि कधीकधी मी स्वतःही, त्याचा दोष माझ्या माथी मारला. मी तो घेणार नाही. मी तेव्हा एक लहान पोरगी होते.

भुलाबाई म्हणजे पार्वती. आमच्या वैनगंगेच्या काठाला भादव्याच्या पुनवेला ती माहेरी येते आणि कोजागिरीला सासरी परत जाते. महिनाभर मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोजी घरात बसवायचे, संध्याकाळी पोरींनी जमून टाळ्या वाजवत गाणी म्हणायची, आणि गाणी संपली की खिरापत. प्रसादच तो, पण असा सहजी हातावर पडत नाही. ज्या घरी गाणी झाली तिथली बाई झाकणाचा डबा घेऊन येते आणि म्हणते, वळखा. पोरींनी डबा हलवून कान लावायचा, झाकणाच्या फटीशी नाक न्यायचं आणि आत काय आहे ते सांगायचं. नुसतं लाडू म्हणून भागत नाही, कशाचा लाडू ते सांगावं लागतं. नाव बरोबर आलं तर डबा उघडतो. नाही आलं तर सगळ्यांनी मिळून हरलो म्हणायचं. एक नियम डबा धरणारीलाही आहे. तिने खोटं बोलायचं नाही, कारण भुलाबाई समोर बसलेली असते.

माझी आजी, म्हणजे मायची माय, या खेळात गावभर वस्ताद होती. तिचा डबा ओळखायला पोरींच्या नाकी नऊ यायचे. एकच पोरगी दरवेळी ओळखायची, ती म्हणजे माझी माय. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्यावरही भुलाबाईच्या दिवसांत माय माहेरी यायची, आणि आजी तिच्यासाठी मुद्दाम काहीतरी अवघड करून ठेवायची. माय हे सांगताना हसायची. तिला हसताना मी फार वेळा पाहिलं नाही, म्हणून ते लक्षात आहे.

मग बाबांना भिलाईत काम मिळालं. कारखाना बांधला जात होता तेव्हा. बाबा खलाशी होते, म्हणजे लोखंडाच्या तुळया दोरखंडाने वर चढवणाऱ्या टोळीत. आधी ते एकटे आले, पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, आणि क्वार्टर मिळाल्यावर आम्हाला घेऊन आले. सगळीकडे लाल मुरूम उकरलेला. झाड म्हणाल तर औषधाला नाही. माय दारात गाठोडं घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हे का गाव हाय? याले ना वेस, ना मारोती." बाबा म्हणाले, "व्हईन, सारं व्हईन." बाबांना त्या कारखान्याचा अभिमान होता. स्वतः चढवलेली तुळई ते आम्हाला लांबून बोटाने दाखवत. त्यांना गाव आठवायला वेळच नव्हता. सगळी आठवण मायच्या वाट्याला आली.

पहिल्या भादव्यात मायनं भुलाबाई बसवली. मुरमाची मूर्ती होईना, भेगा पडत. शेवटी बाबांनी सायकलवरून जवळच्या रिसाली गावच्या तळ्याची माती आणली. कोजागिरीला भुलाबाईवर ज्वारीच्या धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मांडव करतात. इथे चहूकडे धानच, ज्वारी कुठली? बाबांनी वेल्डिंगच्या उरलेल्या कांड्या आणून दिल्या आणि मायनं त्यांचाच मांडव उभा केला, वर झेंडूची माळ सोडली. छान दिसला तो, खरंच.

पोरीही आल्या. शेजारची बंगाली मुलगी, समोरच्या दोघी तेलुगू बहिणी, सरदारजींची धाकटी, आणि मागच्या रांगेतली एक छत्तीसगढी मुलगी, जिच्या बाबांचं शेत कारखान्यात गेलं होतं आणि त्याच कारखान्यात त्यांना काम लागलं होतं. तेलुगू घरी दसऱ्याला बाहुल्या मांडत, म्हणून त्या दोघींना भुलाबाई निदान बाहुली म्हणून तरी पटली. गाणी कुणालाच येत नव्हती. माय एकटी गायची, मी तिच्यामागून ओळ ओढायची, बाकीच्या टाळ्या वाजवायच्या आणि स्वयंपाकघराकडे बघायच्या.

मग माय डबा घेऊन आली. "वळखा वं पोरीहो!"

मी हिंदीत सगळ्यांना खेळ समजावला. डबा हातोहात फिरला. बंगाली मुलगी म्हणाली, संदेश. तेलुगू बहिणी म्हणाल्या, मुरुकुलू. सरदारजींची धाकटी म्हणाली, पिन्नी. माय माझ्याकडे बघून विचारायची, "हे काय म्हनते वं?" तिला त्यांचे पदार्थ ठाऊक नव्हते, त्यांना तिचे. डब्यात होत्या सांजोऱ्या. मी ओळखल्या. मायनं माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवलं तरी ऊब येते.

ती दोन-तीन वर्षं बरी गेली. गावाकडून कुणी कामाच्या शोधात भिलाईला निघालं की आजी त्याच्याजवळ एक गाठोडं द्यायची. त्यात लाखोळीची डाळ असायची, जवस, तीळ, हातचे पापड, कधी पिकलेलं कोहळं. लाल भोपळ्याला आमच्याकडे कोहळं म्हणतात. त्या गाठोड्यातून मायची महिनाभराची खिरापत निघायची. बाकी वर्षभर घरात सगळ्यांसारखंच, डाळ-भात, मिळेल ती भाजी, आणि थंडीत कधीमधी काही गोड तळलेलं.

मी मात्र बदलत चालले होते, आणि मला ते कळतही नव्हतं. शाळा हिंदी. खेळ हिंदी. स्वप्नातसुद्धा लोक हिंदी बोलायचे. माय मराठीत विचारायची, मी हिंदीत उत्तर द्यायची. "जेवतं का वं?" "अभी भूख नहीं है." आमच्यात यावरून भांडण कधी झालं नाही. मायही हळूहळू शेजारणींशी तिच्या पद्धतीच्या हिंदीत बोलायला लागली होती. पाण्याच्या नळावर ती बोलायला लागली की मी दूर सरकून उभी राहायची. कारण ती "मेरे को पानी होना" म्हणायची आणि बायका गालात हसायच्या.

कारखान्याची पहिली भट्टी पेटायच्या दिवसांत आजी गेली. निरोप आला तेव्हा बाबा सलग ड्यूटीवर होते, सुटी बंद होती, आणि मायनं कधी एकटीनं गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. तिची जायची सोय होईपर्यंत तेरवी होऊन गेलेली. ती गेलीच नाही. भट्टी पेटली तेव्हा सेक्टरभर मिठाई वाटली. मायनं आमच्या वाट्याची मिठाई शेजारी देऊन टाकली. आता गाठोडं येणार नव्हतं.

त्यानंतर ती एकदा गहू निवडता निवडता मला म्हणाली, "माय गेली. तिचं हे सारं आता मले येते, अन् माया मागं तुले. तिसऱ्या कोनाले नाई." मी पाटीवर काहीतरी लिहीत होते. मी नुसतं हूं म्हटलं. पण तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की मी पाटी खाली ठेवली. मला एकदम भीती वाटली. एवढं मोठं काहीतरी माझ्यावर ठेवलंय, आणि ते नेमकं काय आहे हेही मला माहीत नाही, असं.

पुढच्या वर्षी मायनं हट्ट धरला की यंदा कोजागिरीला माहेरी जायचं. बाबांनी आम्हाला दुर्गला गाडीत बसवून दिलं. तुमसर रोडपर्यंत पॅसेंजर, आणि तिथून मामाची बैलगाडी. गाडीत मायनं माझी उजळणी घेतली. अनारसे कशाचे, करंजीसारखे कानोले कसे लागतात, तिळाचा लाडू हलवला तर वाजतो का, जवसाचा वाजतो का. मी घडाघडा सांगत होते. माय खूश होती. समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईला ती सांगत होती, "माई पोरगी भिलाईले रायते, पन तिले सारं वळखू येते."

मामाचं घर आता मामीचं होतं, हे पाय ठेवताच कळलं. वाईट वागली असं नाही. पाणी दिलं, पाट दिला, विचारपूस केली, पाहुण्यांची करतात तशी. माय आपल्या मायच्या चुलीसमोर उभी राहिली तर मामी म्हणाली, "बसा ना बाई, तुमी कावून तरास घेता?" माय म्हणाली, "आजची खिरापत मी करीन." मामी म्हणाली, "करा." माय चुलीशी बसली आणि मला बाहेर पिटाळलं. मला वास येऊ नये म्हणून दारही लोटून घेतलं.

संध्याकाळी अंगणात गावच्या पोरी जमल्या. भुलाबाईवर ज्वारीच्या हिरव्या धांड्यांचा मांडव होता. गाणी सुरू झाली. मध्येच मायनं आजीचं एक गाणं उचललं, सासरहून माहेरची वाट बघणारीचं. दोन ओळी झाल्या आणि माझी मामेबहीण म्हणाली, "हे कोनतं गानं वो आत्या? आमी असं नाई म्हनत." पोरी आपसांत हसल्या. माय थांबली. "तुमी म्हना मंग तुमचं," ती म्हणाली. आजीचं गाणं आजीच्या अंगणातही कुणाला येत नव्हतं. मला तेव्हा ते कळलं नाही. मायला कळलं असणार, कारण त्यानंतर तिनं टाळ्याच वाजवल्या, तोंड उघडलं नाही.

मग ती डबा घेऊन आली. आजीचाच डबा, पितळेचा, घट्ट झाकणाचा. ती मांडवासमोर उभी राहिली आणि पोरींना म्हणाली, "थांबा. कोनी बोलू नोका. पयले माई पोरगी वळखन."

 मामी दारात येऊन उभी राहिली. मी पुढे झाले. डबा हलवला, आवाज नाही. झाकणाला नाक लावलं आणि माझा जीव भांड्यात पडला. गूळ, कोहळं, तळल्याचा वास. हे तर मी आमच्या क्वार्टरात कितीदा खाल्लं होतं. थंडीत माय हेच तळायची आणि ताटलीत घालून म्हणायची, जा, शेजारी देऊन ये.

मी मोठ्यांदा ओरडले, "गुलगुले!"

 मग मामेबहीण फिस्सकन हसली आणि तिच्यामागून सगळ्याच. मी मायकडे पाहिलं.  ती माझ्याकडे बघत होती, मग भुलाबाईकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं, ती हो म्हणेल. ओळखलं तर मी होतंच. आत काय आहे, कशाचं आहे, सगळं मला माहीत होतं.

"नाई," माय म्हणाली.

"कोहळ्याचे बोंडं," मामेबहीण म्हणाली. तिनं डब्याला हातसुद्धा लावला नव्हता.

"हो," माय म्हणाली, आणि झाकण काढलं.

मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "वही तो है! वही तो मैंने बोला!" आता तर हसून हसून पोरी एकमेकींच्या अंगावर पडायला लागल्या. मामी दारातून म्हणाली, "बाई, तुमची पोरगी त पुरी छत्तीसगढीन झाली वो." हे ती हसत, लाडानंच म्हणाली. मग तिनं मायकडे पाहून जोडलं, "अन् तुमीबी. दुपारी मले म्हनल्या, थोडा गुड देना." मायनं बोंडं वाटली, एकेक सगळ्यांना. माझ्या हातावर दोन ठेवली. मी ती खाल्ली नाहीत, धांड्यांच्या मागे टाकून दिली.

आजही मी त्या अंगणावर चिडते. काय बिघडलं असतं? पण कुणावर चिडायचं ते कळत नाही. मायनं नियम पाळला. आपल्या मायच्या डब्याशी, आपल्या मायच्या भुलाबाईसमोर ती खोटं बोलू शकत नव्हती. मी तिच्या जागी असते तर बोलले असते. पण मी भिलाईची.

परतीच्या गाडीत उजळणी झाली नाही. डोंगरगढ येईपर्यंत माय खिडकीबाहेर बघत होती. मग, मी काही विचारलं नसताना, म्हणाली, "मीच त शिकवलं तुले ते."

मला आठवलं. मागच्या रांगेतली छत्तीसगढी बाई त्याला गुलगुले म्हणायची. शेजारी कुणाला बोंडं म्हटलं तर कळायचं नाही, म्हणून माय ताटली माझ्या हातात देताना म्हणायची, जा, गुलगुले देऊन ये. घरातल्या घरातही मग तेच नाव पडलं. ते माझ्या तोंडात मायनंच घातलं होतं, शेजाऱ्यांना आपलं खाणं कळावं म्हणून. गाडीतल्या उजळणीत तिनं ते विचारलं नव्हतं, कारण ते तर मला येत असणारच, असं तिनं धरलं होतं.

दुर्ग स्टेशनवर बाबा घ्यायला आले होते. "कसं झालं भुलाबाईचं?" त्यांनी विचारलं. "चांगलं झालं," माय म्हणाली. बाबा सायकल हातानं ढकलत चालले आणि मी तिच्या दांड्यावर बसून घरी आले. वाटेत कारखान्याचा भोंगा झाला आणि मला बरं वाटलं. घरी आल्यासारखं वाटलं. मग मायकडे लक्ष गेलं. ती सायकलच्या मागून पायी चालत होती, डोक्यावर गाठोडं घेऊन, आणि तिला तो भोंगा ऐकू आला असं चेहऱ्यावरून दिसत नव्हतं.

त्यानंतरच्या भादव्यात मायनं पुन्हा माती मागवली. मला आश्चर्य वाटलं आणि धास्तीही. भुलाबाई झाली, भुलोजी झाला. त्यांचे डोळे रंगवताना माय फार घाई करत होती. नेहमीच्या मैत्रिणी आल्या, आता जरा मोठ्या झालेल्या, जरा कंटाळलेल्या. मायनं एकच गाणं म्हटलं, तेही छोटं. आजीचं नव्हतं. मी मागून ओढलं.

मग ती डबा घेऊन आली. आजीचा पितळी डबा तिनं मामीकडून मागून आणला होता. तो तिनं आधी माझ्याच हातात दिला. पुन्हा चुकलं तर, एवढंच डोक्यात होतं. वर्षभर मी शेजारणीला न कळणारी नावं मनात घोकत होते, कोहळ्याचे बोंडं, कोहळ्याचे बोंडं, आणि डब्यात ते नसलं तर काय, याचा विचार करून मला झोप यायची नाही.

डबा हलवला. खडखड वाजला. पापड्या? शंकरपाळे? फटीला नाक लावलं तर वास ओळखीचा होता, पण घरातला नव्हता. दुकानातला होता. मी काही बोलायच्या आत बंगाली मुलगी ओरडली, सरदारजींची धाकटी ओरडली, तेलुगू बहिणी ओरडल्या, आणि त्यांच्यासोबत मीही.

"बिस्कुट!"

"हो," माय म्हणाली. झाकण निघालं. आत खरंच बिस्कुटं होती, सेक्टरच्या बाजारातली, चौकोनी, कडांना दाते असलेली. पोरी खूश झाल्या. भिलाईत पहिल्यांदाच त्यांनी स्वतः डबा ओळखला होता. टाळ्या पिटत, हातात बिस्कुटं घेऊन त्या खेळायला पळाल्या.

मी थांबले. माय भुलाबाईसमोरचा पाट पुसत होती. मी विचारलं, आणि मराठीत विचारलं, कारण त्या वर्षात मी तिच्याशी मराठीतच बोलायचं ठरवलं होतं आणि माझी मराठी मलाच उसनी वाटत होती. "माय, तू आज काही कावून नाई केलं?"

ती पुसत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बिस्कुटाले सारेच बिस्कुट म्हनते. म्हटलं, एक बार त जिंकू द्याव तुले."

 माझ्या हातात बिस्कुट होतं. मी ते तिच्यासमोर खाल्लं, कारण न खाणं तिला जास्त लागलं असतं. 

कोजागिरीला मांडव झाला नाही. बाबांनी कांड्या आणल्या होत्या, त्या मागच्या अंगणात गंजत पडल्या. माय एकटीच जाऊन भुलाबाईला तळ्यात सोडून आली. पुढच्या भादव्यात तिनं माती मागवली नाही, आणि बाबांनीही विचारलं नाही. मला कोहळ्याच्या बोंडांचं नाव तोवर पक्कं पाठ झालं होतं. तिनं ती पुन्हा कधी केली नाहीत. आजीचा डबा पितळेचा आणि घट्ट झाकणाचा असल्यामुळे बाबांच्या कामाला आला. डबल ड्यूटी असली की माय त्यात पोळी-भाजी भरून द्यायची, आणि त्यात काय आहे हे मग कुणी ओळखायचं नसे.